म्हस्कूतात्यांची घोडी आणि एका दिवसाची तीन लग्नं

आमच्या निरवांगीत म्हस्कूतात्यांच्या घोडीवर न बसता लग्न केलेला पुरुष शोधायचा, तर एकतर म्हातारे बघावे लागतील, नाहीतर पळून जाऊन लग्न केलेले. तीस वर्षं तात्या नवरदेवांना घोडीवर बसवून मारुतीच्या देवळापर्यंत नेतात आणि मांडवात आणून सोडतात. या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात. आधी शेवंतीची आई होती, आता पांढरीशुभ्र शेवंती आहे. ती लांबच्या गावाला जाते माझ्या पिकअपमधून, म्हणून हे सगळं मला, संदेशला, ठाऊक. मी तिच्यावरून दोनदा पडलोय. त्यातलं एकदा स्वतःच्या परण्यातच, पण तो विषय वेगळा.

तात्यांना नाही म्हणता येत नाही. एकाच तिथीला दोन-दोन गावांच्या सुपाऱ्या घेतात, "जमवू की" म्हणतात, आणि जमवतातही! कसं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. दिलेला शब्द मात्र त्यांनी कधी मोडलेला नाही.

यंदा मे महिन्यातल्या शेवटच्या मोठ्या तिथीला त्यांनी पणदऱ्याचं बारा वीसचं आणि भवानीनगरचं बारा पस्तीसचं लग्न घेऊन ठेवलं होतं. मागाहून त्यांच्याच मुलीचं, सुकन्याचं लग्न ठरलं आणि गुरुजींनी नेमकी तीच तिथी काढली. संध्याकाळी पाच वीस, निरवांगीतच.

"आपल्या लग्नाला घोडी कशाला?" तात्या म्हणाले. "नवरदेव अजितराव इंदापूरनं मोटारीत येणार हायेत."

"घोडीवर मी बसणार हाय," सुकन्या म्हणाली.

तिच्या आईच्या, सारजाकाकूंच्या हातातली परात तिथंच थांबली. सुकन्या पुढं बोलतच होती. "तात्या, हजार नवरं बसवलं तुमी. लहानपणी मी शेवंतीच्या आईला कॅनॉलवर पाण्याला न्ह्यायचे तवाच काय ती बसायचे, ती बी बोडक्या पाठीवर. मला एकदा वाजतगाजत बसायचंय. तुमच्या हातात लगाम पायजे."

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं "जमवू की" घशात अडकलं. दोन गावांचा हिशोब त्यांच्या डोक्यात बसत होता, तिसऱ्याला जागा नव्हती.

पण सुकन्याचा धंदाच तो. ती बारामतीत एका दूध डेअरीत कामाला आहे. कुठला टँकर कुठल्या गावाला कधी पाठवायचा, हे ती कॉम्प्युटरवर गणित मांडून ठरवते. तिनं पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला आणि मला समजावलं, "संदेशदादा, तीनच गोष्टी असत्यात. आपल्या हातात काय हाय, मोडायचं काय न्हाय, आन् जास्तीत जास्त पायजे ते काय."

हातात होतं ते घोडीनं कुठून कधी निघायचं एवढंच. मोडायच्या नव्हत्या त्या अटी तात्यांनी सांगितल्या: दोन्ही गावांचा शब्द, प्रत्येक परण्यानंतर घोडीला अर्धा तास सावली आणि पाणी, आणि पिकअप चाळीसच्या वर न्यायचा नाही. ही शेवटची अट माझ्याकडं बघून. आणि जास्तीत जास्त पाहिजे होता तो निरवांगीत पोचल्यावर हातात उरणारा वेळ.

सुकन्यानं बटण दाबलं. उत्तर आलं: अशक्य. पुन्हा दाबलं, पुन्हा अशक्य. तिचा चेहरा पडला. मला त्या यंत्राचा असा राग आला की पोत्यावरून खाली ढकलावंसं वाटलं.

तात्या वाकून बघत होते. "ह्या येळा कुठनं घेतल्या गं?"

"पत्रिकेवरनं."

तात्या हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत हसले. "पत्रिकेवरच्या येळंला कोण लगीन लावतं व्हय? लिही. पणदऱ्याच्या नवऱ्याचा मामा मिलिटरीतला हाय, तितं पाच मिनटं आधी धर. भवानीनगरचा नवरदेव दाढीला बसंल बारा वाजता. तितं दोन तास उशीर."

सुकन्यानं आकडे बदलले. या वेळी यंत्रानं निमूट उत्तर दिलं. चार वाजता सुकन्याचा परण्या सुरू, पाचला मांडवात, वर वीस मिनिटं शिल्लक! तात्या जे तीस वर्षं डोक्यात करत होते ते आता पडद्यावर दिसत होतं, आणि ते स्वतःच सगळ्यात जास्त चकित झाले होते. आम्ही तिघं पेंडीच्या पोत्याभोवती अक्षरशः नाचलो. शेवंती आमच्याकडं बघतच राहिली.

लग्नाच्या दिवशी पणदऱ्याच्या मामानं पाच मिनिटं आधी सगळं उरकलं. भवानीनगरला नवरदेवाच्या तोंडाला खरोखर बाराला फेस लागला. परण्या दीडला निघाला, पण अडीच वाजले तरी निम्म्या वाटेवरच! डीजेपुढं नाचणारी पोरं हलेनात. मी एकेकाच्या पाया पडत होतो, तेवढ्यात सुकन्याचा फोन. मागं पार्लरवाली ओरडत होती, "मान हलवू नका!"

"घोडी कुणाच्या मागं हाय?"

"पोरांच्या."

"आन् पोरं?"

"डीजेच्या."

"मग एकट्या डीजेच्या ड्रायव्हरला गाठ. बाकी कुणासंग बोलत बसू नगं."

मी केबिनमध्ये डोकावलो. ड्रायव्हर भुकेनं कावलेला. पुढं जेवण तयार आहे म्हटल्याबरोबर त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली. डीजे हलला, मागं पोरं हलली, पोरांमागं शेवंती. वीस मिनिटांत मांडव! अर्ध्या तासाची सावली तात्यांनी तरीही सोडली नाही. मी घड्याळ बघून घामाघूम, आणि शेवंती आपली निवांत पाणी पितेय.

चार वाजून दहा मिनिटांनी सुकन्या घोडीवर बसली. हिरवा शालू, मुंडावळ्या, पायाखाली रिकीब. हलगी कडाडली. गावच्या बाया पदर खोचून नाचल्या, सारजाकाकू सगळ्यात पुढं. मला इतका आनंद झाला होता की मी कुणाशीही हात मिळवत सुटलो. पाच वाजून पाच मिनिटांनी घोडी मांडवाच्या दारात.

आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही.

फोन लावला तर वऱ्हाड अजून इंदापुरातच. पाच वीस म्हणजे सात, असं त्यांनी परस्पर धरलं होतं. सुकन्यानं कपाळावर हात मारला. "अजितच्या घरचा उशीर घातलाच न्हाय! म्या शून्य धरला हुता." आणि घोडीवर बसल्या बसल्या अशी हसली की मुंडावळ्या सुटल्या.

"उतर आता," सारजाकाकू म्हणाल्या.

"तात्या, आणखी एक चक्कर."

शेवंतीचा सावली-पाण्याचा अर्धा तास झाला आणि चक्कर निघाली. या वेळी ना हलगी, ना गर्दी. तात्या लगाम धरून पुढं, सुकन्या वर. पिण्याच्या टाकीवरून, शाळेवरून, कॅनॉलच्या कडेनं. एक चक्कर झाली, दुसरी झाली. तीस वर्षं लोकांच्या पोरांना वेळेत पोचवायच्या घाईत असलेला हा माणूस पहिल्यांदाच हळू चालत होता. बाप-लेक काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. तात्या मधूनच टोपीनं डोळे पुसत होते, तेवढं दिसलं.

सातला वऱ्हाड वेशीवर आल्याचा निरोप आला. मी धावत जाऊन तात्यांना सांगितलं. त्यांनी एकदा वर सुकन्याकडं बघितलं, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "संदेश, त्यास्नी धा मिनटं थांबवता यील का रं?"

मी वेशीत जाऊन पिकअप रस्त्यावर आडवा लावला आणि बॉनेट उघडलं.