पट्ट्या धुणारा

ताई,

हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. एक ओळही गाळू नकोस.

मी इथे जखमा बांधत नाही. कधीच बांधल्या नाहीत. स्वयंसेवक म्हणून इस्पितळात दाखल झालो आणि पहिलीच उघडी जखम बघून मटकन खाली बसलो. मुख्य नर्सबाईंनी पाणी पाजलं, हातात एक लाकडी दांडा दिला आणि तळघरात धाडलं. तिथे चार हंडे आहेत. वरून रक्ताळलेल्या पट्ट्या येतात, त्या मी सोडा घालून उकळतो, पिळतो, वाळवतो, गुंडाळून परत वर पाठवतो. जोडीला एक म्हातारा शिंपी आहे. मी वाफेतही भांग पाडून उभा राहतो म्हणून तो मला 'नवरदेव' म्हणतो. काम वाईट नाही गं. पण युद्धावर जाऊन धुणी धुतो, हे लिहायला हात धजेना. पहिल्याच पत्रात थाप मारली, तुम्ही सगळे मला डॉक्टर म्हणायला लागलात आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

मग बाबांच्या पायाच्या जखमेबद्दल तू विचारलंस. साखरेचा आजार असलेला माणूस. निदान तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. त्याऐवजी ऐटीत लिहिलं, रोज कढत पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि पट्टी करकचून बांधा. ताई, मला तेवढंच येतं. पट्ट्यांचं जे करतो तेच बाबांच्या पायाचं करायला सांगितलं. त्यांच्या पायाला चटका कळतच नव्हता. दोन बोटं कापावी लागली, आणि मी निर्लज्जासारखं धीर देणारं पत्र पाठवलं. त्या पत्राची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

काल बाबांचं पत्र आलं. दुसऱ्या पायाला फोड आलाय, डॉक्टरांना दाखवलेला नाही. "त्यांनी माझी बोटं घालवली. आता तू लिहिशील तसंच करीन," म्हणतात. तार लगेच केली आहे, पण तारेत कारण मावत नाही, आणि कारण पटल्याशिवाय बाबा जागचे हलायचे नाहीत.

म्हणून बाबा, तुम्हालाच सांगतो. तुमची बोटं डॉक्टरांनी नाही घालवली, मी घालवली. आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जा. वाटभर मला शिव्या घाला, पण जा.