तिसऱ्या गिअरमधला आवाज

पत्नी गेल्यावर तीन महिन्यांनी मी तिची गाडी पहिल्यांदा एकट्याने रस्त्यावर काढली. आसरा चौक ओलांडून तिसरा गिअर टाकला, तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. बॉनेटखाली कुणीतरी नखाने टकटक करावं तसा. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की यायचा, सोडला की विरायचा. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. मागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, झोपला का काय?" तेव्हा कुठे पुढे सरकलो.

या आवाजाबद्दल ती वर्षभर सांगत होती.

गाडी मूळची माझ्या सासऱ्यांची. वैरागला त्यांचं आडत दुकान होतं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली, पुढे मागे दोन लांब बाकांसारख्या सीटांची ती गाडी त्यांनी लेकीला दिली, जावयाला नाही, आणि ते योग्यच होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. परवाना होता, पण गाडीत मी डावीकडे बसायचो, मांडीवर पुस्तक घेऊन. ती शाळेत गणित शिकवायची आणि चालवायचीही तशीच, एकही पायरी न गाळता.

"अहो, इंजिनात काहीतरी वाजतंय," असं ती प्रथम म्हणाली तेव्हा मी मुकाट तिच्याबरोबर गेलो. विजापूर रोडला लांबवर जाऊन आलो. काहीच वाजलं नाही. पुन्हा एकदा गेलो, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा तिने बोलावलं तेव्हा मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "तुला हल्ली सगळ्यातच काहीतरी बिघडलेलं दिसतं."

ती वाद घालणारी नव्हती. किल्ली घेऊन निघून गेली. त्यानंतर तिने मला गाडीत बोलावलं नाही. कुठून आली की तेवढं सांगायची, "आज पण आला." मी विचारायचो, "कुठे?" ती जागा सांगायची. आमचं त्या विषयावरचं बोलणं एवढ्यावर आलं होतं.

पुढे तिचा आजार कळला. त्याचा गाडीशी काहीच संबंध नव्हता. पण ती गेल्यावर माझं ते वाक्य मागे राहिलं. आता मला एवढंच ठरवायचं होतं, की आवाज तेव्हाही होता का. असला, तर मी तिला वर्षभर खोटं पाडलं होतं. खरं सांगायचं तर तो आत्ताच, गाडी तीन महिने उभी राहिल्यामुळे सुरू झालेला निघावा, अशीच माझी इच्छा होती.

गाडी पहिल्यापासून ज्यांच्याकडे जायची त्या मिस्त्रींकडे मी गेलो. वयाने माझ्याएवढेच, हात कोपरापर्यंत काळे. ते चालवायला बसले, मला शेजारी बसवलं. होटगी रोडला जाऊन आलो. गाडी गप्प.

"सर, लोण्यावानी चाललीय की."

"येतो हो आवाज. मी स्वतः ऐकलाय."

"बाई पण असंच म्हणायच्या," ते म्हणाले, आणि लगेच बॉनेट उघडायच्या कामाला लागले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. टॅपेट बघितले, पट्टा बदलला, इंजिन ज्या रबरांवर बसतं ती बदलली. घरी निघालो, तिसरा गिअर टाकला, आणि टकटक सुरू.

असं चारदा झालं. चौथ्या वेळी मिस्त्री हात पुसत म्हणाले, "सर, राग मानू नका, पण ही गाडी मला लाजती बघा. माझ्यासमोर तोंडच उघडत न्हाय."

मग एका सकाळी मी तिची गणिताची पुस्तकं वाचनालयाला द्यायला निघालो. मागची सीट भरली, म्हणून उरलेले चार जड गठ्ठे पुढे, डाव्या बाजूला ठेवले. वाचनालय येईपर्यंत आवाज आला नाही. गठ्ठे उतरवून परत फिरलो तर गल्लीच्या तोंडाशीच आला. आधी मला वाटलं, योगायोग. दुपारी पाण्याचे दोन भरलेले जार डाव्या सीटवर ठेवून निघालो. आवाज नाही. जार उतरवले. आवाज.

घराच्या फाटकात, दोन्ही जार जमिनीवर ठेवून उभा असताना मला आठवलं की हे तिने सांगितलं होतं. नेमक्या शब्दांत सांगितलं होतं. "मी एकटी असले की येतो. तुम्ही बसलात की थांबतो." त्या संध्याकाळी मी मुलीला फोनवर म्हणालो होतो, "आईला फार एकटं वाटतंय." जन्मभर कथा-कादंबऱ्या वाचलेला माणूस मी. समोरच्याने साधं निरीक्षण सांगितलं तरी त्यात मनाची अवस्था शोधणारा. तिने मला दोन अटी दिल्या होत्या आणि त्यांचा परिणाम दिला होता. गणितच होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना म्हणालो, "मी बसत नाही. तुम्ही एकटेच जाऊन या."

"एकटा? मालकाला शेजारी बसवूनच ट्रायल घ्यायची, ही आपली पयल्यापास्नं पद्धत हाय."

"आज मोडा."

दहा मिनिटांनी ते आले ते खिडकीतून हात बाहेर काढूनच. "आला की वो सर! खणखणीत आला!"

गाडी जॅकवर चढली. ते पाठीवर पडून खाली सरकले आणि तिथूनच बोलू लागले. डाव्या सीटखालचा पत्रा गंजून पातळ झाला होता आणि त्याच्या खालून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपचा क्लॅम्प तुटला होता. "वजन पडलं की पत्रा पाइपवर दाबून बसतोय, मग गप्प. वजन उठलं की पाइप मोकळा. थरथरला की पत्र्याला टकटक करतोय."

"पण येतो तर इंजिनातून."

"पाइप इंजिनलाच जोडलाय की. त्याच्यातनं पुढं जातोय आवाज. किती साधं हाय बघा." ते बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. "बाईंच्या शेजारी मी तीनदा बसलोय सर. हसलोय पण. म्हणलं, बाई, पोरं वर्गात बाक वाजवत्यात ते तुमच्या कानात बसलंय."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, बाक वाजवणारं पोर मी फळ्याकडं तोंड करून पण ओळखते. तुम्ही शोधा."

आम्ही दोघेही हसलो. मग मिस्त्रींनी तोंड फिरवून क्लॅम्प शोधायला घेतला.

ते काम करत होते तेवढा वेळ मी स्टुलावर बसून होतो. मला जे हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. तिचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. पण तेवढ्यावर ते थांबेना. आवाज फक्त ती एकटी असतानाच येऊ शकत होता. म्हणजे संध्याकाळी चपला काढताना तिने मला जी जी जागा सांगितली होती, तिथे तिथे ती एकटी होती. वैरागच्या रस्त्याला, आईला बघून येताना. अक्कलकोट रोडला, मैत्रिणीच्या नवऱ्याला अग्नी दिला त्या दिवशी. आणि दवाखान्याच्या रस्त्याला, चारदा. तपासण्यांचे निकाल आणायला ती एकटी गेली होती. मी येऊ का, असं एकदा विचारल्याचं मला आठवतं. ती म्हणाली, तुम्ही वाचा. मी वाचत बसलो.

मिस्त्री उठले. "झालं. चला सर, ट्रायल..." आणि मधेच थांबले. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

मी एकटाच निघालो. सात रस्ता चौकाच्या पुढे तिसरा गिअर टाकला, पाय जरा दाबला. काही आलं नाही. तिथूनच परत वळायचं होतं. मी वळलो नाही, ती जायची त्याच रस्त्याने सरळ दवाखान्याकडे गेलो. फाटकापाशी गाडी उभी केली आणि घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं लागली होती.