शिसं घरी ठेवून शिरूरला

दुचाकीवर श्वासाच्या हवेचं सिलिंडर बांधलं, तेव्हाच मागचं चाक दबलं. पाण्यात बुडी मारण्याचं बाकी सामान कमी करणं भाग होतं. जाड रबरी पोशाख काढून पातळ घेतला. जादा टॉर्च काढला, मग परत ठेवला. शेवटी शिशाच्या वजनांचा पट्टा घरीच ठेवला. शिसं फक्त माणसाला खाली न्यायला लागतं. ते काम दगडही करतात, आणि बीड जिल्ह्यात दगडांची वाण नाही.

कॉलेजातला मित्र दत्ता शिरूर कासारजवळ राहतो. वस्तीच्या पिण्याच्या पाण्याची मोटर दोर तुटून विहिरीत पडली होती, ती काढायला त्याने मला बोलावलं होतं. वाटेत चहावाल्याने सिलिंडरकडे बोट दाखवलं.

"गॅस हाय का?"

"हवा."

"हवा विकायला निघालाव व्हय?"

भजी खाऊन निघालो.

विहिरीशेजारी लिंबाखाली शेंदूर लावलेला देव आणि त्याच्यापुढे मूठभर आकाराचे गुळगुळीत दगड. त्यांच्यावर गेरूच्या तांबड्या खुणा होत्या. त्या बांधकामाच्या असाव्यात असं समजून मी कमरेची पिशवी दगडांनी भरली आणि उतरलो. तळाशी गाळ, स्वतःचा हात दिसेना. चाचपडत मोटरला दोर बांधला. वर येताना पिशवी जड वाटली, म्हणून तळाशीच रिकामी केली.

मोटर वर आली, लोक हसले. मग वस्तीवरच्या कौसाबाई म्हणाल्या, "सायेब, देवापुढचे दगड कुठं गेले?"

मी पाण्याकडे पाहिलं.

"ऊसतोडीला जाताना पोरं आपापली खूण करून एकेक दगड ठिवत्यात, अन् आल्यावर उचलत्यात. उचलला की माणूस घरी आला. माज्या लेकाचा बी हाय त्यात."

"काढून देतो."

"किती नेलते?"

मोजले नव्हते.

सिलिंडरमध्ये थोडी हवा उरली होती, पण वजनाशिवाय बुडणार कसा, आणि आता दुसऱ्या दगडाला हात लावायची सोय नव्हती. दत्ताने किराणा दुकानातून तराजूची लोखंडी वजनं आणली. "आरं, मापं कंबरंला बांधून हिरीत उतरणारा तूच पहिला."

गाळात हाताला लागले तेवढे दगड आणले. देवापुढे मांडले, पण खुणा धुऊन गेल्या होत्या. कौसाबाई प्रत्येक दगड उलटून बघत राहिल्या.

"ह्यातला माज्या लेकाचा कोंचा?"

रात्री त्यांनीच भाकरी आणि पिठलं वाढलं. रागावल्या होत्या की नाही, मला कळलं नाही.

परतल्यावर सामान धुऊन वाळवलं. पातळ पोशाखातून गाळाचा वास गेला नाही. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर दत्ताचा फोन आला. सगळ्या टोळ्या परतल्या होत्या. कौसाबाईंच्या लेकाने समोरचा पहिला दगड उचलला. बाकीच्यांनीही हाताला आला तो घेतला. कोणी कोणाचा घेतला, हे कळायला मार्ग नव्हता.

"पण एक उरलाय," दत्ता म्हणाला.

"म्हणजे मी तळातला भलताच दगड वर आणला."

"आसंल. कौसामावशी म्हणती तुजा हाय. तू जाताना ठिवलास आसं धरायचं. उचलायला कवा येतूस?"

पुढच्या खेपेला शिसं न्यायचं ठरवलं आहे. पण येताना तो दगड दुचाकीवर कुठे बांधायचा, हे अजून ठरत नाही.