शेजारचं तळं

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला आले, तेव्हा माझ्या मनात एक चित्र होतं. सकाळी आम्ही दोघं मागच्या डेकवर चहा घेऊ, समोर तळं असेल, आणि बाबा म्हणतील, छान केलंस हं सगळं. घर घेताना मी तळ्याकडे बघूनच हो म्हटलं होतं.

बाबा आले मे महिन्यात. पहिल्या सकाळी डेकवर उभे राहिले, तळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय रे, पाणी आहे का खाली?"

पाणी होतं, पण दिसत नव्हतं. त्यावर शेवाळाची जाड, हिरवी साय आली होती आणि कडेला तण माजलं होतं. कुंपणापलीकडे शेजाऱ्याचंही तळं होतं. मूळ मालकाने दोन्ही एकाच वेळी खोदून घेतलेली, आकारही सारखाच. त्याच्या तळ्यात आभाळ दिसायचं. ओंडक्यावर कासवं ऊन खात बसायची, चतुर भिरभिरायचे. शेजारी नागपूरचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, औषधांच्या कंपनीत नोकरीला. माणूस चांगला होता, तेच अवघड होतं. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

आठवड्याभरात बाबा सकाळचा चहा घेऊन कुंपणापलीकडे जायला लागले. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, पाणी दिसलं की पाय तिकडे वळणारच, असं मी स्वतःला समजावलं. पण मी इकडे लॅपटॉप उघडून मीटिंगला बसायचो आणि खिडकीतून त्यांचं हसणं ऐकू यायचं. आमच्या घरात बाबा जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यं बोलत. तिकडे तास-तास.

एकदा मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो, तेव्हा त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "शाब्बास! तुमच्या हाताला गुण आहे."

"काका, तुम्हीच सांगितलं होतं ना तसं केलं," तो म्हणाला.

मी डबा घेऊन तिथेच उभा राहिलो. बेचाळीस वर्षांचा होतो मी. दहावीला शाळेत पहिला आलो तेव्हा बाबा म्हणाले होते, "गणितात चार मार्क कुठे गेले?" शाब्बास हा शब्द त्यांना येतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच दिवशी मी ऑनलाइन औषध मागवलं. निळे स्फटिक, आपलं मोरचूदच. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, एका वेळी तळ्याच्या थोड्याच भागात वापरा, कडक उन्हाळ्यात वापरू नका. मी ते वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण जुलै सुरू झाला होता आणि मला ते तळं पुढच्या रविवारपर्यंत स्वच्छ हवं होतं. बाबा शेजाऱ्याकडे गेलेले असताना मी सगळा डबा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी शेवाळ पिवळं पडलं. मी खूश झालो. बायको म्हणाली, "कसला वास येतोय?" मी म्हटलं, जाईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली. तळ्यावर मासे उताणे तरंगत होते. छोटे छोटे, माझ्या तळहाताएवढे. तळ्यात इतके मासे आहेत हे मला माहीतच नव्हतं. काठाला बेडकांची पिल्लं काळ्या मण्यांसारखी चिकटली होती.

"किती टाकलंस?"

"सगळं."

बाबा गॅरेजमधून बादली आणि जाळी घेऊन आले आणि मासे काढायला लागले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. शेजाऱ्याने कुंपणावरून पाहिलं आणि दहा मिनिटांत तो हवेचा पंप आणि लांबलचक एक्स्टेंशन कॉर्ड घेऊन आला.

"सगळं शेवाळ एकदम मेलं ना, की ते सडतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं," तो पंप लावता लावता म्हणाला. "त्यात मोरचूद माशांना थेटही बाधतं. माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं, यार. टेन्शन घेऊ नको."

त्याचंही असं झालं होतं, यानेसुद्धा मला दिलासा मिळाला नाही. माझे मासे माझ्याच हातून मेले होते आणि जे वाचले ते त्याच्या पंपाने वाचले होते. मी थँक्स म्हणालो.

त्या दुपारी मी बाबांना विचारलंच. "त्याला शाब्बास म्हणता. मला कधी म्हणालात?"

बाबा म्हणाले, "तो मला विचारतो रे. तू मला सांगतोस. घर घेतलं, गाडी घेतली, प्रमोशन झालं. सगळं झाल्यावर. मग मी काय बोलायचं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. ते मी दिलं नाही. त्याऐवजी तोंड वाकडं करूनच विचारलं, "मग सांगा, आता या तळ्याचं काय करू?"

बाबा ताबडतोब उठले. उतारावरचं माझं हिरवंगार लॉन दाखवत म्हणाले, "आधी याचं खत बंद कर. पाऊस आला की सगळं खत तळ्यात उतरतं. शेवाळाला तूच खायला घालतोयस."

लॉनवाल्याला कॅन्सल केलं. काठाचं गवत कापणं थांबवलं, तिथे इथलीच रानझुडपं लावली, म्हणजे पाणी गाळून आत येईल. शेवाळ पुन्हा वाढू नये म्हणून जाळीच्या पिशव्यांत सातूचा पेंढा भरून पाण्यात सोडला. ही युक्ती शेजाऱ्याची, तेवढी मी नाइलाजाने घेतली. बाकी काम दंताळ्याने. "कालव्यातलं शेवाळ आम्ही मजूर लावून ओढून काढायचो," बाबा म्हणायचे. दर शनिवारी एकच कोपरा. काढलेलं शेवाळ एक दिवस काठावरच ठेवायचं, म्हणजे त्यातले किडे, गोगलगायी परत पाण्यात जातात. मी गुडघाभर पाण्यात, बाबा काठावर उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडत.

सप्टेंबरपर्यंत निम्मं तळं मोकळं झालं. पाणी गढूळच होतं. एका संध्याकाळी एक बेडूक ओरडला, एकच, आणि आम्ही दोघं बोलायचे थांबलो.

बाबा परत जाण्याआधीच्या शनिवारी माझा पाय चिखलात रुतला. मी ओढला तर बूट आतच राहिला आणि मी शेवाळाच्या ढिगासकट पाण्यात बसलो. बाबा इतके हसले की बादलीवरून घसरले. मग काठावर गुडघे टेकून त्यांनी मला हात दिला आणि मलाच त्यांना सावरावं लागलं. आम्ही दोघंही चिखलाने माखलो होतो.

कुंपणापलीकडे शेजारी चहाचा कप घेऊन उभा होता. दोन कप होते त्याच्या हातात. तो हसला, एक कप बाबांसाठी कुंपणाच्या कठड्यावर ठेवून आत गेला. तो बघत होता याचा मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला.