दोन मिनिटांची घंटा

आमच्या वक्तृत्व मंडळाच्या सभा फार रटाळ होत, म्हणून मीच ही टेबलावरची घंटा आणली. चिठ्ठीत निघेल त्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं, ती संपली की मी टण्णकन वाजवणार. तिला जुमानत नसत त्या एकट्या लीलाताई. "थांब रे, मुद्दा आत्ता कुठे येतोय," म्हणत त्या बोलतच राहत आणि सगळे हसत.

गेल्या आठवड्यात त्या गेल्या. आज श्रद्धांजलीला आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो आणि सवयीने माझा हात घंटेवर पडला. टण्ण! कुणी खाली बसेना. सगळे त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. कुणाचा मुद्दा यायचाय, हे घंटेला कुठे कळतं?

लीलाताई पहिल्यांदाच वेळेत थांबल्या होत्या.