बिनरंगाच्या कांड्या

शाळेत बाईंना सगळे भिंगरी म्हणत. मुलं पाठीमागे, शिक्षक तोंडावर. तिसरीच्या वर्गात बाईंसाठी खुर्ची होती, पण तिच्यावर त्या बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. खुर्चीवर डबा असायचा. डब्यात लाकडी कांड्या, एकापासून दहापर्यंतच्या मापाच्या, प्रत्येक मापाला वेगळा रंग. तिनाची हिरवी आणि चाराची पिवळी टोकाला टोक लावून ठेवली, की शेजारी साताची काळी बरोब्बर बसायची. बेरीज म्हणजे हेच हो, आणखी काय असतं?

डब्यावर त्यांचा एवढा जीव का, तर त्याला कारण होतं. लहानपणी त्यांचे तीसपर्यंतचे पाढे पाठ. घरी कुणी आलं की घडाघडा म्हणून दाखवायच्या, शाबासकी घ्यायच्या. एकदा आईनं शिवणाची बटणं पुढ्यात ओतली आणि म्हणाली, "सहा शर्टांना सात-सात लागतील, काढ गं सगळी." पोरगी ढिम्म! सात सक बेचाळीस तोंडावर, पण ते आणि ही बटणं यांचा काही संबंध असेल हे तिच्या गावीही नाही. आई खो-खो हसली. ते हसणं बाईंना अजून झोंबायचं. आपल्या हाताखालचं एकही पोर असं पोपट होऊ द्यायचं नाही, यासाठीच त्या शिक्षिका झाल्या म्हटलं तरी चालेल.

मुख्याध्यापकांना मात्र हा सगळा पोरखेळ वाटायचा. "बाई, तिसरीत आहेत मुलं, बालवाडीत नाही." शेवटी ठरलं, ते स्वतः तास बघणार. पटलं तर डबा वर्गात, नाही तर कपाटात कुलूपबंद.

कांड्यांचे टवके उडाले होते, म्हणून बाईंनी त्या सुतार दिराकडे टाकल्या. भाऊजी शब्दाचे पक्के. तासाच्या सकाळी डबा हजर, आतला माल चकाचक. फक्त पाचाची कांडी आता हिरवी झाली होती आणि आठाची पिवळी.

"वहिनी, हाताशी होते ते रंग मारले. मापाला धक्का लावला नाही बघा."

बाई म्हणाल्या, बरोबरच आहे की. माप तेच, मग अडतंय कुठे?

अडलंच. तासाला मुख्याध्यापक मागे बसले आणि बाईंनी पाचाची कांडी उचलून धरली. "किती?"

"तीऽन!" अख्खा वर्ग, छातीठोक.

"अरे, नीट बघा जरा!"

"हिरवी आहे ना बाई, तीनच!"

मुख्याध्यापक उठले. खिशातून पिवळी पेन्सिल काढून त्यांनी विचारलं, "आणि ही किती?"

"चाऽर!"

ते हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "बाई, तुमची मुलं रंग शिकलीत," ते म्हणाले. "शनिवारी पुन्हा येतो. ती शेवटची संधी."

त्या संध्याकाळी बाईंनी चहा ठेवला, तो उतू गेला. दुसरा ठेवला, तो आटून गेला. दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या.

"अगं टेक जरा, फरशी झिजेल," नवरा म्हणाला.

"फरशीचं काय घेऊन बसलात! अहो, मीही पोपटच केले की! फक्त रंगीत केले!" आणि त्यांना रडूच कोसळलं. भाऊजींना चार शब्द सुनवावेत असंही वाटून गेलं. पण त्यांच्या रंगानं फक्त बिंग फोडलं होतं, पाप बाईंचंच होतं.

पदर खोचून त्या तशाच दिराच्या कारखान्यात गेल्या. "भाऊजी, पॉलिश पेपर द्या."

"पुन्हा रंगवायच्या?"

"रंगच नको. सगळ्या खरवडायच्या."

"अहो वहिनी, नुकत्याच रंगवल्यात! वेड लागलंय का?"

"लागलंय. द्या इकडे."

मग वर्गात जो गोंधळ उडाला, तो काही विचारू नका. सगळ्या कांड्या एकजात लाकडी. "बाई, ही कितीची?" "मला काय विचारतोस, माप." एकाचा छोटा ठोकळा सरकवत सरकवत पोरं मापायची, चुकायची, भांडायची. शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार आली. साध्या बेरजेला अर्धा तास जायचा. उत्तर बाईंच्या जिभेवर यायचं आणि त्या ते गिळायच्या, पायांची चुळबुळ काही थांबायची नाही. एवढं करून डबा जाणारच, असंच त्यांना वाटू लागलं होतं.

शनिवारी मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. घाईघाईनं बाईंनी डब्यातून एक लांब कांडी उचलली, एक आखूड. "हे दहा, हे चार. मिळून किती?"

इतकं सोपं गणित, आणि पोरं माना वाकड्या करून कांड्यांकडेच बघत बसली!

पहिल्या बाकावरच्या मुलीनं, जिला सगळे चिमणी म्हणत, हात वर केला. "बाई, ते दहाच आहे कशावरून?"

"मी सांगतेय ना!" बाई खेकसल्याच.

"तुम्ही सांगताय हो. पण मापलं कुठंय?" चिमणी सरळ पुढे आली, बाईंच्या हातातल्या दोन्ही कांड्या काढून घेतल्या आणि टेबलावर ठोकळा सरकवू लागली. बाकीची पोरं भोवती गोळा झाली. "ती चारच, पण ही नऊ आहे बाई. चौदा नाही होणार, तेरा होणार."

मुख्याध्यापक मागून उठून आले. "दे बघू." ठोकळा घेऊन तो थोराड माणूस टेबलावर वाकला आणि ओठ हलवत मापू लागला, पोरं त्याच्या अंगावर रेलून बघत होती.

"नऊ," ते म्हणाले. मग सरळ उभे राहिले. "बाई, भर वर्गात चुकलात तुम्ही. डबा राहू दे."

"चुकले, सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की तोंड कुठं लपवावं ते कळेना.