केरूनानांचा हात

केरूनानांनी ज्याच्या पाठीला हात लावला नाही, असा फ्रिज पंचवटीत सापडायचा नाही. बत्तीस वर्षं त्यांची रीत एकच. जुना गॅस हवेत मोकळा सोडायचा, मग नवा भरायचा. 'फुस्स' झालं की नाना डोळे मिटून म्हणत, "निघाली पीडा!"

पण अंबडजवळच्या द्राक्षांच्या शीतगृहानं बजावलं, एक तारखेपासून प्रशिक्षणाचा दाखला नसलेल्या मेकॅनिकला आत पाऊल नाही. नानांचं घर त्याच कामावर चालायचं. मग साठीला टेकलेले नाना प्रशिक्षणवर्गाची वही घेऊन बसले आणि बायको साळूबाई मेथी निवडत परीक्षा घेऊ लागली.

"ओझोनचा थर कुठं असतो?"

"पंधरा ते पस्तीस किलोमीटर वर. त्या पट्ट्याला स्थितांबर म्हणतात. उन्हातले घातक किरण अडवतो तो."

"अन् विरला कशानं?"

"आमच्या गॅसातल्या क्लोरीननं. थोडा सगळीकडं, पण दक्षिण ध्रुवावर फारच."

"म्हणजे फुस्स पंचवटीत अन् फाटलं तिकडं! अहो, घरातही तुमचं हेच. पसारा तुमचा, निस्तरायचं दुसऱ्यानं."

तोंडी परीक्षेत नाना पोपटासारखे बोलले. वर्गाच्या परीक्षक अंजली मॅडमनी विचारलं, "अगदी जुन्या फ्रिजांतला गॅस सुटल्यावर हवेत किती टिकतो?"

"शंभर वर्षं!"

"वा, नाना!"

मग प्रात्यक्षिक. यंत्रातला गॅस नळीनं रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा, बाहेर जराही जाऊ द्यायचा नाही. नाना ऐटीत उकिडवे बसले, रुमालानं व्हॉल्व्ह पुसला, पाना लावला. नळी जोडायची राहिली होती. हातानं बत्तीस वर्षांचं काम केलं.

फुस्स!

"निघाली पीडा," तोंडही सवयीनं बोलून गेलं.

सगळे खो-खो हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "नाना, तुम्हाला सगळं येतं हो. पण दाखला हाताच्या कामावर असतो. सहा महिन्यांनी परत या."

सहा महिने शीतगृह कुणाची वाट बघणार?

साळूबाई दारातच होती. "काय झालं?"

"सोडला."

तिला कळलं. टोमणा ओठांवर आला होता, तो तिनं गिळला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. नाना ओट्यावर बसून वर बघत राहिले. आभाळ निळंशार होतं, फाटल्याची कुठं खूण नव्हती.

"साळू, मी दुरुस्त केलेला एक तरी फ्रिज पाच वर्षं धड चालला का गं?"

"नाही."

"सोडलेला गॅस मात्र शंभर वर्षं टिकणार बघ."